मान वर!

आइस हॉकी शिकायला बर्फावर पहिल्यांदा उभं केलेलं पोर कुठे बघतं? पायांकडे. गुडघे ताठ, कंबर मागे, हातातल्या स्टिकवर सगळा भार, आणि हेल्मेटच्या जाळीतून नजर थेट स्वतःच्या स्केट्सवर रोवलेली. नजर हटली की पाय पळतील अशी त्याला भीती असते, आणि बर्फावर ते खरंच पळतात. अशा वेळी कोच, मग तो कुठल्याही क्लबचा असो, एकच ओरडत असतो. मान वर! समोर बघ!

पाच-सहा वर्षांच्या मुलाकडे ही किती मोठी मागणी आहे, याचा विचार ओरडणाऱ्याने बहुधा केलेला नसतो. काचेबाहेर कॉफीचे कागदी पेले धरून कुडकुडणाऱ्या आम्ही पालकांनी तर नाहीच.

आम्ही टोरांटोच्या पश्चिमेला राहतो. हिवाळ्यात शनिवारी पहाटे अंधारात मुलांना उठवायचं, मुलापेक्षा मोठी बॅग गाडीत कोंबायची आणि रिंक, म्हणजे बर्फाचं बंदिस्त मैदान, गाठायची, हा इथल्या कितीतरी घरांचा कुळाचार. आमचे चिरंजीव सहाव्या वर्षी त्यात सामील झाले, आता तेरावं सरत आलंय. सांगलीकडच्या नातेवाइकांना ‘हॉकी खेळतो’ म्हटलं की ध्यानचंद आठवतात. ‘बर्फावरची’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. पडत नाही का? पडतो की. पडायलाच तर आधी शिकवतात. सुरुवातीला पकचं, म्हणजे चेंडूऐवजी असणाऱ्या रबरी चकतीचं, नावही काढत नाहीत. पोटावर झेप घेऊन घसरायचं, कुशीवर लोळायचं, हातापायांवर यायचं, एक गुडघा उभा करायचा, दोन्ही हातमोजे त्या गुडघ्यावर रोवायचे आणि उठायचं. मग पुन्हा पडायचं. पोरांना यात भलती मजा येते. आज्यांना येत नाही.

पण मूळ मुद्दा नजरेचा आहे. शरीराला तोल सांभाळायचा तर आपण कुठे, कसे, किती कललेले आहोत याची खबर लागते, आणि ती तीन ठिकाणांहून येते. एक डोळे. दुसरं कानाच्या आतलं यंत्र. तिथे प्रत्येक कानात एकमेकींना काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यातला द्रव डोकं वळलं की हलतो. शेजारी चुन्याचे सूक्ष्म खडे असलेल्या दोन पिशव्या असतात, त्या खाली कुठे आणि वर कुठे ते सांगतात. तिसरी खबर तळपाय, घोटे, गुडघे, मान यांच्या स्नायू-सांध्यांकडून येते. मेंदू तिघांचं ऐकतो आणि प्रसंगानुसार कोणावर किती विसंबायचं ते ठरवतो.

लहान मूल मात्र जवळजवळ सगळा भरवसा डोळ्यांवर टाकतं. १९७४ साली एडिंबरा विद्यापीठातल्या डेव्हिड ली यांनी एका सहकाऱ्यासोबत एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी अशी खोली बनवली की जमीन जागची हलणार नाही, पण भिंती आणि छत सरकवता येईल. नुकतीच उभी राहू लागलेली बाळं आत उभी केली आणि समोरची भिंत किंचित त्यांच्याकडे सरकवली. बाळं धडाधड मागे पडली. भिंत जवळ येतेय म्हणजे मी पुढे झुकतोय, असा डोळ्यांनी निरोप दिला आणि शरीराने विचारपूस न करता मागे भार टाकला. मोठ्या माणसांचंही थोडंफार असंच होतं. दादरला शेजारच्या फलाटावरची लोकल सुटली की क्षणभर आपलीच सुटली असं वाटतं आणि हात दांडीकडे जातो. फरक इतकाच की आपले पाय आणि कान लगेच सांगतात, अरे थांब, आपण इथेच आहोत. मुलांचं हे तिघांचं मत जुळवण्याचं काम सात-आठ वर्षांपुढे जरा मार्गाला लागतं आणि पूर्ण व्हायला चांगलं किशोरवय उजाडतं.

म्हणजे ‘समोर बघ’ हा हुकूम ज्या वयात सुटतो, त्या वयात मुलाला आपला सगळ्यात भरवशाचा आधार सोडायला सांगितलेलं असतं.

त्यात रिंक ही डोळ्यांना फसवायलाच बांधलेली जागा. खाली पांढरं, कडेच्या फळ्या पांढऱ्या, वर काचेत दिव्यांची प्रतिबिंबं, आणि दहा-बारा पोरं दहा-बारा दिशांना सरकतायत. स्थिर असं काही नाहीच, नजर टेकवायची कुठे? म्हणून ती पायांवर टेकते.

आणि पायांकडून येणारी खबर? ती बुटाने अडवलेली. हॉकीचे स्केट्स घोट्याभोवती इतके ताठ असतात की साध्या जमिनीवर उभं असताना आपण घोट्यातून जी शेकडो बारीक सावरासावर करतो, ती तिथे जवळजवळ बंद होते. ते काम गुडघ्यावर आणि खुब्यावर येऊन पडतं. म्हणून ‘गुडघे वाक!’ हा रिंकवरचा दुसरा हुकूम. ताठ गुडघ्यांनी बर्फावर उभं राहिलेल्या माणसाकडे सावरायला सांधाच शिल्लक नसतो.

स्केट्सची पहिली खरेदी मला लख्ख आठवते. आपल्याकडे मुलांचं सगळं वाढत्या अंगाचं घ्यायची रीत. गणवेश गुडघ्याखाली, चपला बोटभर मोठ्या, पुढच्या वर्षीही चालायला हव्यात. त्याच हिशेबाने मी एक नंबर मोठा जोड मागितला तर दुकानदाराने, पांढऱ्या मिशांच्या आजोबांनी, चक्क द्यायचं नाकारलं. त्यांनी पोराचा पाय मोजला आणि रोजच्या बुटापेक्षा लहान नंबरचा जोड पुढे केला. सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम टेकला पाहिजे, गुडघे वाकवले की टाच मागे जाऊन घट्ट बसली पाहिजे, बास. जाड मोज्यांच्या दोन जोड्या घालू का, असं मी विचारणार होतो, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून गप्प बसलो. त्यांचं म्हणणं असं की सैल बुटात आधी पाय हलतो आणि मग पातं हलतं, आणि त्या मधल्या क्षणात मूल पडतं. मी सगळ्यात महागडा जोड उचलला तोही त्यांनी परत ठेवायला लावला. तो मोठ्या, वजनदार खेळाडूंसाठी ताठ केलेला. वीस-बावीस किलोच्या पोराला तो पुढे वाकवताच यायचा नाही. गिऱ्हाइकाला स्वस्तातला माल घ्यायला लावणारा दुकानदार मी आयुष्यात क्वचितच पाहिला.

खालचं पातंही तेव्हाच पहिल्यांदा जवळून पाहिलं. रुंदी जेमतेम तीन मिलीमीटर. लांबीतही ते सपाट नसतं, पुढे-मागे किंचित वर वळलेलं असतं, त्यामुळे कुठल्याही क्षणी त्यातला थोडासाच भाग बर्फाला टेकतो. आणि खालच्या बाजूला लांबीभर एक बारीक पन्हळ कोरलेली असते. ती नखाने चाचपली की लक्षात येतं, पात्याला धार एक नाही, दोन आहेत. आतली कड आणि बाहेरची कड. सगळं स्केटिंग या दोन कडांवर चालतं. पन्हळ खोल केली की कडा बर्फाला जास्त धरतात पण घसरण कमी होते, उथळ केली की उलटं. धार लावून देणारा म्हणूनच आधी विचारतो, पोराचं वजन किती, काय खेळतो.

आतली कड मुलांना लवकर सापडते, कारण पाय फाकवले की आपोआप तिच्यावरच भार येतो. बाहेरच्या कडेची गोष्ट निराळी. तिच्यावर एका पायाने वळायचं तर अंग पायाच्या बाहेर झुकवावं लागतं, जिथे धरायला काही नाही, टेकायला दुसरा पाय नाही. आमच्याकडच्या एका सरावात कोचने बर्फावर रंगाने मोठं वर्तुळ काढलं होतं आणि एकेका मुलाला त्याच्या कडेने एका पायावर जायला सांगितलं. पोरं यायची, दोन हात हवेत पसरायची, अर्ध्या वर्तुळात उचललेला पाय खाली टेकायची. मग त्याने एक युक्ती केली. स्वतः वर्तुळाच्या मधोमध उभा राहिला आणि हातमोजा काढून बोटं दाखवू लागला. किती? तीन! आता किती? पाच! वळता वळता बोटं मोजून ओरडायची. मुलांची नजर पायावरून उठली ती त्या बोटांवर गेली, आणि बऱ्याच जणांचं वर्तुळ पूर्ण झालं. सगळ्यांचं नाही. एक मुलगी तर बोटं मोजता मोजता थेट कोचवरच जाऊन आदळली.

या खेळात मुलाची प्रगती कशी ओळखायची, असं मला कोणी विचारलं तर मी गोल मोजणार नाही. उभं राहण्याच्या कामातून त्याचे डोळे किती मोकळे झालेत, ते बघेन. जोवर डोळे तोल सांभाळण्यात गुंतलेत तोवर पास कुठे द्यायचा, कोण अंगावर येतंय, गोलरक्षक कुठल्या बाजूला सरकला, हे बघणार कोण? नवखे पालक म्हणतात, याला खेळ समजत नाही. समजतो हो. बघायला सवड नसते.

डोळे मोकळे झाल्यावर कानातलं यंत्र त्यांच्यासाठी आणखी एक काम करतं, त्याची चुणूक इथेच घेता येईल. हा लेख ज्या फोनवर वाचताय तो डावी-उजवीकडे भराभर हलवा. अक्षरं पुसली जातात. आता फोन स्थिर धरा आणि मान तेवढ्याच वेगाने हलवा. अक्षरं वाचता येतात. डोकं जिकडे वळेल त्याच्या उलट दिशेला, तितकेच डोळे वळवायचा निरोप कान एका सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास देऊन टाकतात. ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने, धक्के खात जाणाऱ्या पोराला पक स्वच्छ दिसतो तो या सोयीमुळे.

तोल सुधारायचा म्हणून बाजारात जे काही विकतात त्याबद्दल मात्र मी जरा साशंक आहे. डगमगणाऱ्या फळ्या, अर्धे फुगवलेले चेंडू, दर उन्हाळ्यात निघणारी शिबिरं. न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठातल्या डेव्हिड बेम यांच्या गटाने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एकोणीस वर्षांखालच्या खेळाडूंमध्ये अशा फळीवरचा तोल आणि बर्फावरचा वेग यांचा बऱ्यापैकी संबंध दिसला होता. पण चांगली स्केटिंग करणारा फळीवरही चांगला उभा राहतो, याचा अर्थ फळी आणली की स्केटिंग सुधारेल असा होत नाही. फळीवर सराव केलेलं पोर आधी फळीवर पटाईत होतं. आमच्याही घरात एक आहे, सोफ्याखाली.

‘मान वर’ला आणखी एक कारण आहे, आणि ते खेळापेक्षा मोठं आहे. मान सरळ किंवा किंचित मागे असते तेव्हा तिच्या मणक्यांना नैसर्गिक बाक असतो, धक्का त्यात जिरतो. मान खाली घातली की तो बाक जातो, मणके एका रेषेत येतात, आणि त्या अवस्थेत डोक्याचा माथा कडेच्या फळ्यांवर आदळला तर सगळा आघात मानेच्या हाडांवर जातो. टोरांटोचे मेंदूशल्यविशारद चार्ल्स टॅटर यांनी १९८० च्या दशकात हॉकीत मान मोडून पांगळ्या झालेल्या तरुणांच्या नोंदी गोळा करायला सुरुवात केली, तेव्हा पाठीमागून मारलेली धडक हे त्यातलं मोठं कारण निघालं. पाठीमागून धडक द्यायला त्यानंतर नियमाने बंदी आली. आज इथल्या मुलांच्या जर्सीच्या पाठीवर, मानेच्या खाली, स्टॉपची लाल खूण शिवलेली दिसते. मागून येणाऱ्याने वाचावी म्हणून.

गेल्या हिवाळ्यात आमच्या पोराचा पाय दुसऱ्याच्या स्टिकमध्ये अडकला आणि तो पाठमोरा घसरत जाऊन फळ्यांवर आपटला. कोणाची चूक नव्हती. शुद्ध हरपली नाही, उलटी नाही. उठून बाकावर आला आणि ‘मी ठीक आहे’ म्हणाला. तरी त्याला परत बर्फावर सोडलं नाही. आमच्या ऑंटारिओ प्रांतात २०१८ पासून रोवन्स लॉ नावाचा कायदा आहे. ओटावाची रोवन स्ट्रिंगर ही सतरा वर्षांची मुलगी रग्बी खेळताना डोक्याला बसलेल्या मारातून सावरण्याआधीच पुन्हा खेळली, पुन्हा मार बसला, आणि २०१३ मध्ये गेली. तिच्या नावाचा हा कायदा म्हणतो, मेंदूला धक्का बसल्याचा संशय आला की मुलाला खेळातून बाहेर काढा. वाद घालायला जागा नाही, आणि बापाचं काळीज अशा वेळी वाद घालू शकतं, म्हणून ते बरंच आहे.

दोन दिवसांनी फिजिओथेरपिस्टकडे चाचणी झाली. साधी होती. कमरेवर हात, डोळे मिटून, वीस सेकंद. आधी दोन्ही पाय जुळवून. मग कमी सवयीच्या एका पायावर. मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून एका रेषेत. हात कमरेवरून सुटला, डोळे उघडले, पाऊल पडलं, टाच उचलली गेली, की एक चूक. बाहेरच्या कडेवर एका पायाने वर्तुळ काढणारा माझा मुलगा गालिच्यावर, डोळे मिटून, एका रेषेत उभा राहू शकत नव्हता. डोळे उघडे असताना काहीच कळत नव्हतं, नेहमीसारखाच दिसत होता. मिटले की डावीकडे कलायचा. डोळे बाकीच्या दोघांची उणीव झाकत होते. तो स्वतःच घाबरला, माझ्याकडे बघून कसंनुसं हसला.

तेव्हा माझी आई सांगलीहून आमच्याकडे आली होती. सत्तरी उलटलेली, अधूनमधून चक्कर येते म्हणून तिलाही तिकडच्या डॉक्टरांनी व्यायाम दिले होते. पोराला मिळालेला कागद तिने चष्मा लावून पाहिला आणि म्हणाली, “अरे, हे तर माझंच आहे!” हात लांब करून अंगठा धरायचा, नजर अंगठ्यावर, मान डावी-उजवी. अंगठा स्पष्ट दिसला पाहिजे. मग रोज संध्याकाळी दोघं स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून उभे राहायचे. “आजी, तू चीटिंग करतेस, तुझी मान हलतच नाही.” “हलते रे, तुला दिसत नाही, तुझं डोकं फिरलंय.” बायको कणीक मळता मळता वेळ मोजायची.

वय झालं की कानातल्या पेशी कमी होतात, तळपायांची जाण बोथट होते, आणि माणूस पुन्हा डोळ्यांवर विसंबू लागतो. आई रात्री दिवा लावल्याशिवाय पलंगावरून उठत नाही. दारातल्या बर्फावर पाऊल टाकताना मान खाली घालते, एकेक पाऊल बघून टाकते, आणि मी दाराशी उभा राहून चक्क ओरडतो, आई, समोर बघ!

मुलगा पायरीपायरीने खेळात परतला, डॉक्टरांच्या लेखी परवानगीनंतरच पूर्ण सरावाला गेला. आता प्रश्न आहे पुढच्या मोसमाचा. हॉकी कॅनडा या राष्ट्रीय संस्थेने २०१३ मध्ये अकरा-बारा वर्षांच्या गटातली अंगावरची धडक, म्हणजे बॉडीचेकिंग, देशभर बंद केली. त्याच्या मागे मुख्यतः कॅल्गरी विद्यापीठाच्या कॅरोलिन एमरी यांचं काम होतं. तेव्हा अल्बर्टा प्रांतात या वयाला धडक चालायची, क्वेबेक प्रांतात नाही. दोन्हीकडच्या मुलांच्या नोंदी त्यांनी २०१० मध्ये मांडल्या, तर अल्बर्टात सामन्यातल्या दुखापतींचा धोका तिपटीहून जास्त निघाला. इतक्या स्वच्छ तुलनेची संधी क्वचित मिळते, आणि मिळाल्यावर नियम बदलतात हे त्याहून क्वचित.

पण पुढच्या, तेरा-चौदा वर्षांच्या गटात, वरच्या स्पर्धात्मक संघांमध्ये, धडक सुरू होते. आणि हे नेमकं ते वय आहे जेव्हा मुलगे झपाट्याने उंच होतात. चिरंजीव वर्षभरात बोटभर नव्हे, वीतभर वाढलेत. पाय लांब झाले, भाराचं केंद्र वर गेलं, मेंदूतला जुना हिशेब चुकायला लागला. पाण्याचा ग्लास लवंडतो, दाराच्या चौकटीला खांदा लागतो, सहज जमणारी वळणं परत अडखळत येतात, आणि परवा मी पाहिलं, नजर पुन्हा पायांकडे जात होती. त्याच गटात काहींची वाढ सुरूही झालेली नाही, काहींना मिशी फुटलीय. शिवाय गट जानेवारी ते डिसेंबर अशा जन्मवर्षाने पडतात. जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्यापेक्षा जवळपास वर्षाने मोठा असतो, आणि वरच्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांतल्या पोरांची गर्दी असते, हे कॅनडातल्या अभ्यासकांनी १९८० च्या दशकातच दाखवून दिलंय. आमचा नोव्हेंबरचा.

तोल सगळ्यात बेभरवशाचा असताना धडक द्यायला परवानगी द्यायची, ही व्यवस्था कोणी मुद्दाम आखली नसावी, पण झालीय तशी. ड्रेसिंग रूमबाहेरचे काही बाप म्हणतात, आजपासून धडक खायला शिकला नाही तर पुढे खाणार कशी? मला विचाराल तर एक-दोन वर्षं विनाधडकेच्या हाऊस लीगमध्ये, म्हणजे हौशी गटात, खेळावं, उंची थांबू द्यावी. पोराला सगळे मित्र जातील तिकडेच जायचंय. बायको म्हणते डॉक्टरांना विचारू. नोंदणीच्या फॉर्मवर खूण करायला चौकोन दोनच आहेत आणि आमच्या घरात मतं चार, कारण व्हिडिओ कॉलवरून आजीचंही मत आलंय. ती म्हणते, त्यापेक्षा बुद्धिबळ काय वाईट आहे?